संच किती वेळा पेटला, तेही मोजा

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य यांना खुले पत्र

माननीय महोदय,



वीजदराच्या सुनावणीत औष्णिक केंद्रांबद्दल दोन प्रश्न हमखास निघतात. संच वर्षभरात किती काळ उपलब्ध होता, आणि त्याची वीज युनिटला किती रुपयांना पडली? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, ग्राहकाच्या खिशाशी त्यांचा थेट संबंध आहे. हे पत्र लिहितो आहे ते तिसऱ्या प्रश्नासाठी. वर्षभरात हा संच किती वेळा बंद करून पुन्हा पेटवला, आणि किती वेळा त्याचा लोड निम्म्यावर आणून पुन्हा चढवला? येत्या दहा वर्षांत राज्यातल्या कोळशावरच्या संचांचे आयुष्य, तिथे काम करणाऱ्यांची सुरक्षितता आणि बऱ्याच अंशी आपली वीजबिलेही या आकड्यावर ठरणार आहेत, अशी माझी खात्री आहे. माझी नोकरी विदर्भातल्या औष्णिक केंद्रांत, बॉयलरच्या देखभालीत गेली. त्या अनुभवाच्या बळावर हे लिहितो आहे.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, सौरऊर्जेला माझा विरोध नाही. रात्री दोनला पंप सुरू करायला शेतात जायचे, साप-विंचवाच्या आणि बिबट्याच्या धास्तीत गव्हाला पाणी धरायचे, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या आणि नाशिक-नगरकडच्या शेतकऱ्याने कित्येक वर्षे सोसले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून १६,००० मेगावॅट सौर क्षमता उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची, हा राज्याने घेतलेल्या अतिशय चांगल्या निर्णयांपैकी एक आहे. देशाची सौर क्षमता २०२५ च्या सुरुवातीलाच १०० गिगावॅटच्या पुढे गेली. हे व्हायलाच हवे होते.

पण याच बदलाची दुसरी बाजू औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला दिसते. शेतीचे पंप रात्री चालत तेव्हा मध्यरात्रीही संचावर बऱ्यापैकी लोड असे. तो लोड आता दिवसाकडे, सौर पॅनेलकडे सरकतो आहे. भर दुपारी कोळशाच्या विजेला पुरेसे गिऱ्हाईक उरत नाही. मे २०२५ मध्ये वीज बाजारात काही दुपारी भाव शून्याच्या जवळ गेला होता. सूर्य कलला की चित्र पालटते. घरोघरी दिवे, पंखे, एसी, मोटारी एकदम सुरू होतात, सौर वीज काही तासांतच नाहीशी होते, आणि मागणीच्या दिवसांत त्याच बाजारात भाव युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला भिडतो. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटवर पोहोचली, त्या उन्हाळ्यात रात्रीची बाजू सांभाळली ती मुख्यतः कोळशानेच. म्हणजे कोळशाच्या संचाची गरज संपलेली नाही, त्याच्या कामाची वेळ आणि रीत बदलली आहे.

आपले बहुतेक जुने संच मात्र एका लोडवर, अखंड चालण्यासाठी बांधलेले आहेत. नाशिकजवळच्या एकलहऱ्याचे २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळातले. भुसावळचा तिसरा संच १९८२ चा, चंद्रपूरचा पहिला ५०० मेगावॅटचा संच १९९१ चा. तो तुटवड्याचा काळ होता. संच एकदा ग्रिडला जोडला की पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत उतरवायचा नाही, हीच धारणा. सलग किती दिवस चालला याचे विक्रम मोजले जात, ते मोडले की केंद्रात पेढे वाटले जात. आरेखन, सुट्या भागांचा साठा, माणसांचे प्रशिक्षण, सगळे त्या धारणेवर उभे राहिले.

आता एखाद्या साध्या मार्चमधल्या दिवशी संचावर काय घडते ते पाहा. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाचे शेड्यूल राज्य भार प्रेषण केंद्राकडून येते. सकाळी नऊनंतर ते उतरू लागते. डेस्कवरचा अभियंता एकेक कोळशाची मिल काढत जातो. अकरा-साडेअकराला ५०० मेगावॅटचा संच २७५ वर आलेला असतो, म्हणजे ५५ टक्क्यांवर. भट्टीत ज्वाला तीच राहते, पण तिला कोळसा कमी आणि आपल्या कोळशात राख भरपूर. पावसाळ्यात हाच कोळसा ओला येतो, बंकरमधून मिलकडे उतरणाऱ्या चूटमध्ये अडकतो, ज्वाला थरथरू लागते, आणि संच ट्रिप होऊ नये म्हणून ऑइल गन पेटवाव्या लागतात. ड्रमची पाण्याची पातळी सांभाळणे अवघड होते. फीड पंपाला किमान प्रवाह हवा असतो, म्हणून रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह उघडतो आणि उच्च दाबाच्या पाण्याने त्याचीच सीट कापली जाते. धूर थंड पडतो, तसे एअर प्रीहीटरच्या थंड टोकाला आम्ल साचून पत्रे गंजू लागतात. टर्बाइनच्या शेवटच्या पात्यांपर्यंत पोहोचणारी वाफ कमी झालेली असते, आणि त्या लांब पात्यांचा भार हलका होत नाही, उलट त्यांची कंपने वाढतात. चारनंतर उलटा प्रवास. मिल घ्या, हवा वाढवा, लोड चढवा. साडेसात-आठला संच पूर्ण लोडवर हवा.

हे एकदा करणे कोणत्याही चांगल्या संचाला जड नाही. रोज करणे जड आहे, आणि ते का जड आहे हे समजावून सांगणे या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बॉयलरच्या पातळ नळ्या लवकर तापतात, लवकर निवतात. ड्रम, सुपरहीटरचे हेडर, टर्बाइनचा रोटर आणि केसिंग हे जाड भाग मात्र तसे नाहीत. वाफेचे तापमान चटकन बदलले की जाड भिंतीचा आतला थर प्रसरण पावतो, बाहेरचा मागे राहतो, आणि दोघांमध्ये ताण येतो. तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिले की ती तुटते, तेच इथे होते, फक्त हजारो वेळांनंतर. त्यात ५४० अंशांवर वर्षानुवर्षे काम केलेला धातू आधीच संथपणे ताणला गेलेला असतो. सततच्या उष्णतेने झालेली झीज आणि चढउताराने झालेली झीज या दोन्ही एकत्र आल्या की धातूचे आयुष्य त्यांच्या साध्या बेरजेपेक्षाही वेगाने संपते. हेडरला जिथे नळ्या जोडलेल्या असतात, त्या भोकांच्या मधल्या पट्टीत केसासारखी भेग पडते. ती बाहेरून दिसत नाही. ओव्हरहॉलमध्ये आत कॅमेरा घालून किंवा अल्ट्रासोनिक तपासणी करूनच ती सापडते.

या झिजेचा उशीर हीच नियामकासाठी अडचण आहे. आजच्या दुपारी संच झटक्यात उतरवला, तर त्याचे नुकसान आज नोंदवहीत येत नाही. ते दोन-तीन वर्षांनी, भर एप्रिलमध्ये, ट्यूब लीकेज म्हणून बाहेर येते. तेव्हा कारणाच्या रकान्यात काही तरी जवळचेच लिहिले जाते. वेल्डिंग खराब होते, नळी झिजली होती, राखेने कातरली होती. त्यामागे बॅकिंग डाऊनच्या, म्हणजे लोड उतरवण्याच्या, कितीशे दुपारी होत्या, हे कुणी लिहीत नाही, कारण तसा रकानाच नसतो. मग वर्षाअखेरीस आपल्यासमोर येतो तो फक्त उपलब्धतेचा घसरलेला आकडा, आणि केंद्राच्या व्यवस्थापनाला त्याचा जाब द्यावा लागतो. ज्या वर्षी झीज झाली ते वर्ष एक, ज्या वर्षी तिची किंमत चुकवली ते दुसरेच.

पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करणे हा तर आणखी मोठा घाव आहे. बंद झाल्यावर दहा तासांच्या आत पुन्हा पेटवला तर ती गरम सुरुवात, ७२ तासांपलीकडे गेला तर थंड सुरुवात, मधली ती कोमट. केंद्रीय ग्रिड संहितेतल्या २०१६ च्या दुरुस्तीत ५०० मेगावॅटच्या संचाच्या एका थंड सुरुवातीसाठी ९० किलोलिटर, तर गरम सुरुवातीसाठी ३० किलोलिटर तेल धरले होते. तेलाचा हिशेब तरी होतो. टर्बाइनचा रोटर निवताना वाकू नये म्हणून तो बारिंग गिअरवर दिवस-दिवस संथ फिरवत ठेवावा लागतो. ड्रम ठरावीक गतीपेक्षा जलद तापवायचा नसतो. रोटर आणि केसिंग यांचे प्रसरण सारख्या वेगाने होते का, यावर डोळे लावून बसावे लागते. हे करणारा अनुभवी माणूस असेल तर सुरुवात सुरळीत होते. संध्याकाळच्या मागणीची घाई वरून दाबत असेल, तर त्या घाईचा हिशेब धातू चुकता करतो.

शेड्यूल शून्यावर आल्यामुळे पंधरा-पंधरा दिवस उभा राहिलेला संच विश्रांती घेत असतो, असा समज आहे. तो चुकीचा आहे. निवलेल्या बॉयलरमध्ये हवा शिरते, हवेबरोबर ऑक्सिजन येतो, आणि नळ्यांच्या आत, जिथे पाणी नीट निथळलेले नसते तिथे, गंजाचे खड्डे पडू लागतात. ते टाळायचे तर बॉयलर गरम असतानाच रिकामा करून कोरडा ठेवावा लागतो, किंवा आत नायट्रोजनचा दाब ठेवावा लागतो. त्याला नायट्रोजनची सोय लागते, रसायनशास्त्रज्ञ लागतो, रोजची नोंद लागते. जो संच चार दिवसांनी परत बोलावतील की चाळीस, हे कुणालाच ठाऊक नसते, त्याचे जतन कोणत्या पद्धतीने करायचे, हा प्रश्न अनेकदा अनुत्तरितच राहतो.

आता या घावांची वाटणी कशी होते ते पाहू. मेरिट ऑर्डर, म्हणजे कोणाची वीज आधी घ्यायची याची यादी, बदलत्या खर्चावर, म्हणजे मुख्यतः कोळशाच्या किमतीवर आणि वाहतुकीवर चालते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा खाणींच्या जवळ, त्यामुळे त्यांची वीज स्वस्त. परळी, नाशिक, भुसावळ यांना कोळसा रेल्वेने लांबून येतो, त्यामुळे ते यादीत खाली. साहजिकच बंद-चालूचा फेरा खालच्यांवर अधिक पडतो. परळीच्या संचांना तर पाण्यानेही छळले आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र पूर्ण बंद ठेवावे लागले होते. मेरिट ऑर्डरला माझा आक्षेप नाही. ग्राहकाला स्वस्त वीज आधी मिळाली पाहिजे. कोराडीचे ६६० मेगावॅटचे सुपरक्रिटिकल संच चांगल्या लोडवर ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण त्यांत युनिटमागे कोळसा कमी लागतो. प्रश्न इतकाच, की हिंदकळण्याचे काम कोणत्या संचाने करायचे हा निर्णय आज कोळशाच्या वाहतूक दराने, आपोआप होतो आहे. तो अभियांत्रिकी पाहून, विचारपूर्वक झालेला नाही.

माझे मत असे की जुन्या २१० मेगावॅटच्या संचांतले काही हे काम करू शकतील. त्यांच्या भिंती त्या मानाने पातळ, जडत्व कमी. पण त्यासाठी त्यांच्या नियंत्रण प्रणाली, फ्लेम स्कॅनर, मिलचे नियंत्रण, हेडरची तपासणी यांवर आधी खर्च करावा लागेल. जे तेवढ्या खर्चालाही लायक नाहीत, ते तारीख जाहीर करून निवृत्त करावेत. चंद्रपूरचे पहिले दोन २१० मेगावॅटचे संच, परळीचे जुने संच असेच निवृत्त झाले आणि राज्य अंधारात बुडाले नाही. सर्वांत महाग मार्ग तिसरा, तोच आपण बरेचदा पत्करतो. ना सुधारणा करायची, ना निवृत्त करायचे, आणि लागेल तसा वापरत राहायचे. अशा संचाची देखभाल कमी होत जाते, कारण उद्या बंदच करायचा आहे असे सगळे म्हणतात, आणि तो उद्या काही येत नाही. एकलहऱ्याच्या वसाहतीत, परळीच्या बाजारपेठेत माणसे वर्षानुवर्षे या अनिश्चिततेत राहत आहेत. निवृत्तीची खरी तारीख कळली तर मुलांच्या शिक्षणाचे, बदलीचे, दुकानाचे काय करायचे हे तरी त्यांना ठरवता येईल.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये कोळशावरच्या संचांच्या लवचिक चालनाचे विनियम काढले. किमान लोड ५५ टक्क्यांवर आणि २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर न्यायचा आहे. वरच्या टप्प्यात, ७० ते १०० टक्क्यांच्या दरम्यान, मिनिटाला ३ टक्के वेगाने लोड बदलता आला पाहिजे. ५०० मेगावॅटच्या संचाला याचा अर्थ मिनिटाला १५ मेगावॅट. ४० टक्के म्हणजे तोच संच २०० मेगावॅटवर. एनटीपीसीच्या दादरी केंद्रात जून २०१८ मध्ये हे करून दाखवले गेले, तेव्हा ते शक्य आहे याबद्दल वाद नाही. जर्मनीत तर कित्येक वर्षांपासून होते आहे. पण चाचणीच्या दिवशी निवडलेला कोळसा असतो, सगळे तज्ज्ञ हजर असतात, आणि दुसऱ्या दिवशी संच पूर्ववत चालतो. जुलैच्या ओल्या कोळशावर, रात्रपाळीच्या अपुऱ्या माणसांत, सलग दोनशे दिवस तेच करणे ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या राज्यातल्या कोणत्या संचाने कोणत्या वर्षापर्यंत ४० टक्क्यांवर जायचे, त्याआधी त्यात काय बदलायचे आणि त्याचे पैसे कुठून येणार, याचा संचनिहाय आराखडा आपण मागवला पाहिजे.

पैशांकडे येतो. आपल्या दररचनेत स्थिर आकार आणि इंधनाचा आकार असे दोन भाग असतात. ठरलेली उपलब्धता, साधारणपणे ८५ टक्के, गाठली की स्थिर आकार पूर्ण मिळतो. कमी लोडवर कोळसा जास्त लागतो, याचे कोष्टकही आहे. केंद्रीय संहितेच्या २०१६ च्या त्याच दुरुस्तीत ५५ ते ६५ टक्के लोडवर साध्या संचासाठी उष्णता दरात ६ टक्क्यांची, सुपरक्रिटिकलसाठी ३ टक्क्यांची सवलत धरली होती. देखभाल खर्चाचे तसे नाही. जुन्या केंद्रांचा देखभाल खर्च मागल्या काही वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चावरून पुढे वाढवत नेला जातो. संच स्थिर लोडवर चालत होता तोवर ही पद्धत चांगली होती. आता मागली वर्षे स्थिर, येणारी वर्षे हिंदकळणारी. मागच्याची सरासरी काढून पुढच्याची देखभाल ठरवली तर ती कमी पडणारच, आणि ती कमी पडते आहे हे कळायला तीन वर्षे जातील. आपले २०२४ चे बहुवर्षीय दर विनियम २०२५-२६ ते २०२९-३० या काळासाठी आहेत. सौर क्षमता सर्वांत वेगाने वाढणार आहे ती नेमकी याच पाच वर्षांत.

उपलब्धतेच्या आकड्याचा आणखी एक परिणाम सांगायला हवा. बारीक ट्यूब लीकेज झाले आहे, आवाज येतो आहे, बॉयलरमध्ये वरून भरावे लागणारे मेकअपचे पाणी वाढले आहे, अशा वेळी संच लगेच उतरवणे योग्य असते. एका नळीतून सुटणारी वाफ शेजारच्या चार नळ्या कापते. पण मागणी आहे, उपलब्धता घसरेल, शनिवारपर्यंत ओढा, असे दडपण केंद्रावर येते. ओव्हरहॉलचेही तसेच. वार्षिक ओव्हरहॉलसाठी ठरलेले दिवस मागणीमुळे पुढे ढकलले जातात, मग कमी केले जातात, मग तपासण्या अर्ध्या होतात.

१ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशातल्या उंचाहार केंद्रात काय झाले ते आपल्याला माहीत आहे. ५०० मेगावॅटच्या नव्या संचात भट्टीच्या तळाशी राखेचे क्लिंकर साचले होते, आणि संच कमी लोडवर चालू ठेवून ते मोकळे करण्याचे काम सुरू होते. भट्टीतला दाब वाढला, गरम राख आणि वायू बाहेर फेकले गेले. चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यांतले बहुतेक कंत्राटी कामगार होते. त्या दुर्घटनेला लवचिक चालन कारणीभूत नव्हते, तसा माझा दावाही नाही. पण संच चालू ठेवायचा की उतरवायचा, हा निर्णय किती गंभीर असतो, हे त्या दिवसाने देशाला दाखवले. लोड रोज हिंदकळणार, राखेचे थर रोज जमणार आणि गळणार, तेव्हा असे निर्णय अधिक वेळा घ्यावे लागतील. तो निर्णय पाळीवरच्या अभियंत्याला निर्भयपणे घेता आला पाहिजे. सुरक्षिततेसाठी संच उतरवला तर त्या तासांचा उपलब्धतेत दंड नसावा, अशी तरतूद आपण करू शकता. तिचा गैरवापर होऊ नये म्हणून बॉयलरची तपासणी करणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याचा अहवाल बंधनकारक करा.

माणसांबद्दल लिहिताना मला थोडे अधिक थांबावेसे वाटते. ट्यूब लीकेजची दुरुस्ती बाहेरून कुणाला दिसत नाही. संच उतरतो, भट्टी निवायला वेळ लागतो, पण पूर्ण निवायच्या आत माणसे मॅनहोलमधून आत जातात. आत काळोख, राखेची धूळ, पायाखाली बांधलेला मचाण, चहूबाजूंनी तापलेल्या नळ्या. भारतीय बॉयलर विनियमांची (आय.बी.आर.) परीक्षा पास झालेला वेल्डर दोन नळ्यांच्या मधल्या बोटभर जागेत हात घालून, काही वेळा आरशात बघून सांधा मारतो. त्या सांध्याचे रेडिओग्राफीत चित्र निघते, मग हायड्रो टेस्ट, मग लाइट-अप. दीड-दोन दिवस कुणी धड झोपत नाही. संच जितका हिंदकळेल तितक्या या रात्री वाढणार. असे वेल्डर राज्यात मोजके आहेत, त्यांतले कित्येक कंत्राटावर आहेत, आणि त्यांना आखाती देशांतून बोलावणी येत असतात. केंद्रांतले जुने जाणते तंत्रज्ञ निवृत्त होत आहेत, त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. ठेकेदार बदलला की कामगारांची सगळी तुकडी बदलते, आणि कोणत्या हेडरखालच्या कोणत्या नळीला पूर्वी काय झाले होते याची आठवणही तुकडीबरोबर जाते. देखभालीचा खर्च मंजूर करताना आपण रुपये पाहता. त्याबरोबर कायम पदांपैकी किती भरलेली आहेत आणि उच्च दाबाचे काम करणारे प्रमाणित वेल्डर केंद्राच्या स्वतःच्या पटावर किती आहेत, हेही विचारा.

सगळी हिंदकळ कोळशाने पेलावी, असा माझा आग्रह मुळीच नाही. काही मिनिटांत वर येणारे जलविद्युत संच आपल्याकडे आहेत. कोयनेची एकूण क्षमता १९६० मेगावॅट, त्यात चौथ्या टप्प्याचे १००० मेगावॅट. मात्र तिच्या पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा लवादाने घातलेली वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे, म्हणून तिचा प्रत्येक थेंब संध्याकाळच्या तासांसाठी राखला पाहिजे. घाटघरचे २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र मागणी कमी असतानाची स्वस्त वीज वापरून पाणी वर चढवते आणि मागणी वाढली की खाली सोडते. राज्यात अशी आणखी केंद्रे उभारायचे ठरले आहे. बॅटरीही येत आहेत. उदंचनाचे धरण पुरे व्हायला वर्षे लागतात, तोवर सौर पॅनेल थांबत नाहीत. हा मधला काळ कोळशाच्या संचांनी ओढायचा आहे. ग्राहकालाही सामील करून घ्यायला हवे. दिवसाच्या वापराला सवलत आणि संध्याकाळच्या वापराला जादा आकार हे आपण उद्योगांसाठी आधीच केले आहे, ते बरोबर आहे. पाणीपुरवठ्याचे पंप, शीतगृहे, पिठाच्या गिरण्या दुपारकडे सरकल्या तर संचाचा दुपारचा तळ थोडा वर येईल, आणि ते कोणत्याही रेट्रोफिटपेक्षा स्वस्त पडेल.

आयोगाकडे मागणे असे. प्रत्येक संचाची एक वार्षिक नोंद आपल्यासमोर यावी : गरम, कोमट आणि थंड सुरुवाती किती, ५५ टक्क्यांखाली किती तास, किती वेळा ठरलेल्या वेगापेक्षा जलद लोड बदलला, ट्यूब लीकेज किती आणि कुठे, बंद काळात जतन कोणत्या पद्धतीने केले, ओव्हरहॉल ठरल्याप्रमाणे झाला की नाही. ही नोंद संगणकात आजही असते. ती कुणी मागत नाही म्हणून दरअर्जात येत नाही. एकदा ती जाहीर होऊ लागली की कोणत्या संचाला किती झीज सोसावी लागते हे आपल्यालाही कळेल आणि ग्राहक संघटनांनाही. त्या नोंदीच्या आधारे लवचिक चालनासाठी वेगळी रक्कम मंजूर करा.

ग्राहक प्रतिनिधी इथे आक्षेप घेतील, आणि घ्यायलाच हवा. आधीच महाग विजेत आणखी एक आकार, आणि तो केंद्रांच्या तोट्यात जिरून जाईल. म्हणून ही रक्कम सरसकट देऊ नये. ती हेडरची तपासणी, नियंत्रण प्रणालीचा बदल, फ्लेम स्कॅनर, जतनाची व्यवस्था, वेल्डर आणि प्रशिक्षण अशा नावानिशी ठरलेल्या कामांना बांधलेली असावी. काम झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय ट्रू-अपमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष खर्चाच्या ताळमेळात, ती मान्य होऊ नये, आणि न खर्चलेली रक्कम व्याजासह ग्राहकाला परत यावी. ज्या संचाला पाच वर्षांत निवृत्त करायचे आहे त्याच्यावर यातला एक रुपयाही घालू नये, सुरक्षिततेची कामे सोडून.

पुढच्या दरसुनावणीत हे पत्र लेखी सूचना म्हणून नोंदवून घ्यावे, आणि वर सांगितलेली संचनिहाय नोंद अर्जासोबत सादर करण्याचे निर्देश सर्व औष्णिक केंद्रांना त्याआधीच द्यावेत, ही विनंती. सरकारी कंपनीच्या केंद्रांना लावाल तोच नियम खासगी केंद्रांनाही लावावा.

आपला विनम्र,
औष्णिक केंद्रातला एक निवृत्त बॉयलर अभियंता, नागपूर